सिलिकॉन : जमिनीत विपुल, पिकाला दुर्मीळ

पेंढा, तूस आणि पाचट यांच्यावाटे शेताबाहेर जाणाऱ्या एका दुर्लक्षित मूलद्रव्याचा हिशेब

भाताची कापणी करणाऱ्यास विळ्याला वारंवार धार लावावी लागते. उसाच्या फडात काम करणाऱ्याच्या हातावर पानांच्या कडांनी ओरखडे उठतात. या दोन्ही अनुभवांच्या मुळाशी एकच पदार्थ आहे. तो म्हणजे सिलिका, अर्थात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. वाळू, गारगोटी आणि काच ज्या पदार्थापासून बनतात, तोच पदार्थ भाताच्या वाळलेल्या पेंढ्यात वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत आढळतो. इतक्या मोठ्या प्रमाणात पीक जे द्रव्य जमिनीतून उचलते, त्याचा उल्लेख मात्र आपल्या नेहमीच्या खत-शिफारशींत सहसा नसतो.

या दुर्लक्षामागे एक सरळ समजूत आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे आणि ऑक्सिजनखालोखाल तेच सर्वाधिक आढळणारे मूलद्रव्य आहे. जमीनच ज्या द्रव्याची बनलेली आहे, ते पिकाला कमी कसे पडेल, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर सिलिकॉनच्या रसायनशास्त्रात दडलेले आहे. ते एकदा ध्यानात आले की पेंढा, तूस आणि पाचट यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

कार्बनचा भाऊबंद, पण स्वभाव निराळा

आवर्तसारणीत सिलिकॉनचे स्थान कार्बनच्या लगेच खाली आहे. दोघांनाही चार बंध जोडता येतात. तरीही सजीवसृष्टीचा सांगाडा कार्बनवर उभा राहिला आणि खडकांचा सिलिकॉनवर. कार्बनचा अणू लहान असल्याने तो ऑक्सिजनशी दुहेरी बंध सहज जोडतो. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे सुटे, वायुरूप रेणू तयार होतात. हा वायू हवेत मिसळतो, पाण्यात विरघळतो, वनस्पती तो शोषतात आणि प्राणी तो उच्छ्वासावाटे बाहेर टाकतात. सिलिकॉनचा अणू आकाराने मोठा आहे. त्याचे असे दुहेरी बंध टिकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजन अणूंशी, आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन अणूंशी जोडला जाऊन एक अखंड जाळे तयार होते. हे जाळे म्हणजेच दगड.

सजीवांना उपयोगी पडायचे तर या दगडाने पाण्यात उतरले पाहिजे. पाण्याशी दीर्घकाळ संपर्क आल्यावर सिलिकाचा अत्यल्प अंश विरघळतो आणि सिलिसिक आम्लाचे लहान, विद्युतभाररहित रेणू मोकळे होतात. वनस्पतीची मुळे सिलिकॉन केवळ याच रूपात घेऊ शकतात. सामू नऊच्या खाली असेपर्यंत, म्हणजे जवळपास सर्वच शेतजमिनींत, हे आम्ल भाररहितच राहते.

येथे सिलिकाच्या दोन रूपांमधील फरक लक्षात घेणे महत्त्वाचे ठरते. गारगोटीसारख्या स्फटिकरूप सिलिकाची सामान्य तापमानाला पाण्यातील विद्राव्यता लिटरला जेमतेम ६ ते १० मिलिग्रॅम असते. स्फटिकरचना नसलेली, म्हणजेच अस्फटिक सिलिका मात्र लिटरला १०० ते १२० मिलिग्रॅमपर्यंत विरघळते. पदार्थ तोच, परंतु विद्राव्यतेत दहा पटींचा फरक. शेतातील वाळू पहिल्या प्रकारात मोडते, तर वनस्पतीच्या पानात साठलेली सिलिका दुसऱ्या प्रकारात. वाळूने भरलेल्या जमिनीतही पिकाची सिलिकॉनची भूक अपुरी राहू शकते, ती या कारणाने.

वनस्पती सिलिकॉनचे काय करते

मुळांनी घेतलेले सिलिसिक आम्ल पाण्यासोबत पानापर्यंत पोहोचते. पानातून पाण्याचे बाष्प होऊन जाते आणि मागे राहिलेले आम्ल दाट होत जाते. विद्राव्यतेची मर्यादा ओलांडली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन अस्फटिक सिलिका जमते. भाताच्या पानावरील मेणचट आवरण जेमतेम ०.१ मायक्रोमीटर जाडीचे असते, तर त्याच्याखाली जमणारा सिलिकाचा थर सुमारे २.५ मायक्रोमीटर. हे दुहेरी आवरण म्हणजे पानाचे चिलखतच होय. करप्याच्या बुरशीचा तंतू पानात शिरताना त्याच्याशी झगडतो. खोडकिड्याच्या अळीला सिलिकायुक्त खोड कुरतडणे जड जाते. पाने ताठ राहिल्याने खालच्या पानांनाही ऊन मिळते आणि खोड कणखर झाल्याने पीक लोळण्याचे प्रमाण घटते.

हे संरक्षण केवळ यांत्रिक नसते. काकडीवरील भुरी रोगाच्या अभ्यासात असे दिसून आले, की सिलिकॉन मिळालेली वनस्पती रोगाची चाहूल लागताच आपली रासायनिक संरक्षणव्यवस्था अधिक वेगाने कामाला लावते. खारवट जमिनीत भाताच्या मुळांतून वर जाणारे सोडियम सिलिकॉनमुळे कमी होते. आम्लधर्मी जमिनीत लोह आणि मँगनीज यांच्या अतिरेकाची बाधाही सौम्य होते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. पानात एकदा जमलेली सिलिका पुन्हा विरघळून नव्या पानाकडे जात नाही. नत्र किंवा पालाश जुन्या पानातून नव्याकडे वळवता येते, सिलिकॉन येत नाही. म्हणून पिकाला त्याचा पुरवठा अखेरपर्यंत लागतो आणि भातात लोंबी धरण्याच्या सुमारास ही गरज सर्वाधिक असते.

सजीवसृष्टीत सिलिकाचा असा वापर करणारे भात हे एकटेच नाही. समुद्रातील डायटम हे एकपेशीय शैवाल सिलिकाच्या नक्षीदार डबीत राहते आणि सिलिकॉन संपले की त्याचे पेशीविभाजनच थांबते. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे एक-पंचमांश वाटा या डायटमांचा आहे. त्यांच्या अवशेषांच्या थरांतून मिळणारी डायटममाती धान्यसाठवणुकीत वापरतात. तिचे सूक्ष्म कण किडीच्या अंगावरील मेण शोषून व खरवडून काढतात आणि कीड कोरडी पडून मरते.

'आवश्यक' की 'उपयुक्त'

विज्ञानाला या द्रव्याचे महत्त्व पटायला वेळ लागला. १९३९ साली आरनॉन आणि स्टाउट यांनी आवश्यक अन्नद्रव्यांचे निकष मांडले. जे द्रव्य नसेल तर वनस्पतीचे जीवनचक्र पूर्णच होऊ शकत नाही, ते आवश्यक, हा त्यांतील मुख्य निकष होता. बहुतेक पिके प्रयोगशाळेतील पोषक द्रावणात सिलिकॉनवाचूनही वाढतात. त्यामुळे ते आवश्यक द्रव्यांच्या यादीत आले नाही आणि पुढे प्रयोगशाळांतील द्रावणांतूनही वगळले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील इमॅन्युएल एपस्टाईन यांनी १९९४ मध्ये या विसंगतीवर बोट ठेवले. सिलिकॉनविरहित द्रावणात वाढलेली वनस्पती ही शेतातील वनस्पतीची खरी प्रतिनिधी नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. प्रयोगशाळेत ना वारा असतो, ना करपा, ना खोडकिडा. चिलखताची किंमत रणांगणावरच कळते.

जपानमध्ये ही जाणीव शेताच्या बांधावरून आली. करपाग्रस्त भातरोपांत निरोगी रोपांपेक्षा सिलिकॉन कमी असते, हे ओनोदेरा यांनी १९१७ मध्येच नोंदवले होते. पोलाद उद्योगातून निघणाऱ्या सिलिकेटयुक्त मळीला जपानने १९५५ साली खत म्हणून अधिकृत मान्यता दिली.

निर्णायक पुरावा जिआन फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. त्यासाठी त्यांनी जर्मेनियम या सिलिकॉनच्याच गटातील मूलद्रव्याचा उपयोग केला. भाताचे मूळ दोघांत भेद करू शकत नाही. जर्मेनियम त्याच वाटेने आत शिरते आणि रोपाला विषबाधा होते. या विषातून वाचलेल्या उत्परिवर्तित रोपात ती वाटच बंद असणार, हा तर्क खरा ठरला. अशा रोपाच्या आधारे २००६ मध्ये मुळात सिलिकॉन घेणारे प्रथिन आणि २००७ मध्ये ते पुढे ढकलणारे दुसरे प्रथिन यांची जनुके ओळखली गेली. ही वाट बंद असलेल्या भाताचे प्रत्यक्ष शेतातील उत्पादन तीन-चतुर्थांशाहूनही अधिक घटले. सिलिकॉन 'आवश्यक' की 'उपयुक्त', हा वाद शास्त्रज्ञांत चालू राहील, परंतु भातउत्पादकासाठी त्याचा निकाल लागल्यासारखाच आहे.

पाच टन भाताचा हिशेब

हेक्टरी पाच टन भात देणाऱ्या पिकाचा विचार करू. दाण्याइतकाच पेंढा आणि त्यात दहा टक्के सिलिका धरल्यास पेंढ्यात ५०० किलो सिलिका असते. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे एक टन, तूस निघते. तूस जाळल्यास सुमारे २०० किलो राख मिळते आणि तिच्यातील ८५ ते ९५ टक्के भाग सिलिकाच असतो. पेंढा आणि तूस मिळून पावणेसातशे किलोच्या आसपास सिलिका, म्हणजेच तीनशे किलोहून अधिक सिलिकॉन एका हंगामात जमिनीतून उचलले जाते. याच पिकाची नत्राची उचल ७५ ते १०० किलोंच्या घरात असते. नत्र आपण दरवर्षी पोत्याने देतो. सिलिकॉन मात्र देत नाही.

जमा बाजूला काय असते? कालव्याच्या किंवा नदीच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम सिलिका धरली, तर १००० मिलिमीटर सिंचनातून हेक्टरी १०० किलो सिलिका येते. पावसाच्या पाण्यात ती जवळपास नसतेच. म्हणजे केवळ पावसावर पिकणाऱ्या भाताला हा हप्ताही मिळत नाही.

त्यातच देशातील काही जमिनी मुळातच सिलिकॉनने गरीब आहेत. मुसळधार पाऊस आणि उष्ण हवामानात हजारो वर्षे खडक झिजला, की त्यातील सिलिका धुपून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात. जांभा जमीन अशीच तयार होते. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात मलबारातील याच मातीला लॅटेराइट हे नाव दिले. मलबारपासून गोवा आणि कोकणापर्यंतचा पश्चिम किनारा, ओडिशातील जांभ्याचे पट्टे आणि ईशान्येकडील आम्लधर्मी डोंगरउतार येथे पाऊस भरपूर, भात मुख्य पीक आणि जमीन सिलिकॉनने रिती, अशी स्थिती एकत्र आढळते. करपा आणि तपकिरी ठिपके या रोगांचा उपद्रव अशा ठिकाणी वरचेवर जाणवतो.

परतफेडीचे मार्ग

पिकाने उचललेली सिलिका अस्फटिक असते, म्हणजे वाळूपेक्षा अधिक विद्राव्य. ती त्याच शेतात परत गेली, तर पुढच्या पिकाला तिचा लाभ मिळतो. कोकणातील चारसूत्री भात लागवड पद्धतीने हे तत्त्व व्यवहारात आणले. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या नावाशी जोडलेल्या या पद्धतीचे पहिले सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. त्यानुसार रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळसर राख मातीत मिसळतात आणि पेंढा शेतात गाडतात. काळ्या राखेतून रोपाला कोवळ्या वयातच सिलिकॉन मिळते आणि ते कणखर होते.

राखेचा काळा रंग येथे अर्थपूर्ण आहे. मंद आचेवर, सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या खाली जळालेल्या तुसातील सिलिका अस्फटिकच राहते. बॉयलरमध्ये याहून अधिक तापमानाला दीर्घकाळ जळालेल्या तुसात ती स्फटिकरूप होऊ लागते आणि पिकाच्या दृष्टीने तिचे मोल घटते. स्फटिकरूप सिलिकाची धूळ फुप्फुसांना सिलिकोसिससारखा असाध्य आजार जडवू शकते. म्हणून राख कोणतीही असो, ती ओलसर करून पसरावी आणि तोंडावर मुखपट्टी बांधावी.

पेंढ्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पेंढा जाळल्याने सिलिकॉन नष्ट होत नाही, ते राखेत उरते. परंतु नत्र, गंधक आणि सेंद्रिय कर्ब यांचा नाश होतो, हवा दूषित होते आणि ढीग करून जाळल्यास राख एकाच जागी साचते. पंजाब आणि हरियाणात हॅपी सीडरच्या साहाय्याने पेंढ्याच्या आच्छादनातच गव्हाची पेरणी करता येते. यात सिलिकॉनसह सर्वच द्रव्ये शेतात राहतात. याउलट पेंढा इंधनासाठी किंवा कारखान्यासाठी कायमचा बाहेर गेला, तर धूर टळतो, पण सिलिकॉनची वजाबाकी होते. पेंढ्याची विक्री करताना मिळणाऱ्या रकमेतून ही वजाबाकी मोजली पाहिजे.

जनावरांना घातलेल्या पेंढ्यातील बहुतेक सिलिका पचत नाही, ती शेणात उतरते. शेणखत शेतात गेले की चक्र पूर्ण होते. शेणीच्या राखेतही ती टिकून असते. उसाच्या बाबतीत हेच काम पाचट करते. पाचट न जाळता सरीत कुजवण्याची जी शिफारस ओलावा आणि सेंद्रिय कर्बासाठी केली जाते, तिला सिलिकॉनचे हे आणखी एक कारण जोडता येईल.

आर्सेनिकग्रस्त पट्ट्यातील विशेष महत्त्व

पश्चिम बंगाल आणि बिहारच्या गंगेकाठच्या भागांत सिलिकॉनचा प्रश्न ताटातल्या भातापर्यंत येऊन पोहोचतो. तेथील भूजलात आर्सेनिक आहे आणि उन्हाळी बोरो भात त्याच पाण्यावर पिकतो. पाणी साचलेल्या, प्राणवायुविरहित चिखलात आर्सेनिक 'आर्सेनाइट' या रूपात येते. त्याचा रेणू सिलिसिक आम्लासारखाच लहान आणि भाररहित असतो. भाताचे मूळ सिलिकॉनसाठी उघडलेल्या दारातूनच त्याला आत घेते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. मातीच्या पाण्यात सिलिसिक आम्ल पुरेसे असेल, तर दारावर स्पर्धा वाढते आणि दाण्यात उतरणारे आर्सेनिक घटू शकते.

मात्र अशा शेतातला पेंढा आंधळेपणाने त्याच शेतात गाडणे योग्य नाही. पेंढ्यात आर्सेनिकही साठलेले असते आणि ताज्या सेंद्रिय पदार्थामुळे चिखलातील आर्सेनिक अधिक मोकळे होते. तुसात सिलिका भरपूर आणि आर्सेनिक पेंढ्यापेक्षा कमी असल्याने तेथे तूस किंवा तुसाची राख अधिक योग्य ठरते. त्याच्या जोडीला पाणी आळीपाळीने भरण्याची व सुकवण्याची पद्धतही हवी, कारण मूळ दोष पाण्यात आहे.

मर्यादा आणि खबरदारी

सिलिकॉनच्या नावाने बाजारात आज अनेक उत्पादने आली आहेत. सल्ला देण्यापूर्वी काही मुद्दे तपासून पाहावेत.

पहिला मुद्दा पिकाचा. भात, ऊस, गहू यांसारखी तृणवर्गीय पिके सिलिकॉन मोठ्या प्रमाणात साठवतात. काकडीवर्गीय पिके मध्यम प्रमाणात घेतात, तर टोमॅटो फारच थोडे घेतो. भातातील निष्कर्ष जसाच्या तसा टोमॅटोला लावता येत नाही.

दुसरा मुद्दा मात्रेचा. भाताची गरज हेक्टरी शेकडो किलोंची आहे. फवारणीतून मिळणारे सिलिकॉन त्या तुलनेत नगण्य असते. फवारणीचा रोगनियंत्रणासाठी काही उपयोग होत असला, तरी ती जमिनीतील तूट भरून काढू शकत नाही.

तिसरा मुद्दा जमिनीचा. कॅल्शियम सिलिकेट किंवा पोलाद-मळी आम्लधर्मी जमिनीला लाभदायक असते, कारण ती सामूही वाढवते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तीच गोष्ट अडचणीची ठरू शकते. मळीत जड धातू नाहीत, याची तपासणी झालेली असावी.

चौथा मुद्दा नत्राचा. नत्राची मात्रा अवाजवी वाढवली की पाने लुसलुशीत होतात, त्यांतील सिलिकाचे प्रमाण घटते आणि करप्याला आमंत्रण मिळते. अशा वेळी आधी नत्र आवरावे. रोगप्रतिकारक वाण आणि गरजेनुसार केलेले पीकसंरक्षण यांना सिलिकॉन हा पर्याय नाही, तो त्यांचा सहकारी आहे.

शेतावर करून पाहण्याजोगी चाचणी

सिलिकॉनची मृद-तपासणी सर्वत्र उपलब्ध नाही. पेंढ्यातील सिलिकॉन पाच टक्क्यांहून कमी असेल, तर भाताला त्याची उणीव आहे असे मानतात. ही तपासणी शक्य नसल्यास शेतच साक्ष देऊ शकते. पाने ताठ न राहता झुकणे, तपकिरी ठिपके वाढणे आणि थोड्या वाऱ्यानेही पीक लोळणे ही लक्षणे जांभ्या, रेताड किंवा फार निचऱ्याच्या जमिनीत एकत्र दिसली, तर संशयाला जागा आहे.

विस्तार कार्यकर्त्याने अशा गावात एकाच शेतात दोन शेजारचे पट्टे आखून घ्यावेत. वाण, रोपांचे वय, नत्राची मात्रा आणि लागवडीची तारीख दोन्हीकडे एकच ठेवावी. एका पट्ट्यातील रोपे काळी राख घातलेल्या वाफ्यावरची असावीत आणि त्याच पट्ट्यात लावणीपूर्वी पेंढा गाडावा. दुसरा पट्टा नेहमीच्या पद्धतीचा ठेवावा. करप्याने मान मोडलेल्या लोंब्या, लोळलेले चूड आणि प्रत्यक्ष वजन यांची नोंद दोन्हीकडून घ्यावी. पेंढ्यातील सिलिका सावकाश मोकळी होत असल्याने एका हंगामावर निष्कर्ष काढू नये, किमान तीन हंगाम तेच पट्टे राखावेत. या चाचणीसाठी लागणारी राख आणि पेंढा बहुतेक भातगावांत आधीपासूनच असतात. फक्त ते गिरणीच्या मागे किंवा गावाबाहेर जाण्याऐवजी ज्या जमिनीतून निघाले, त्या जमिनीकडे परतले पाहिजेत.